अल्पव्ययी लघुपट : व्ययाचा हिशेब आणि रचनेचा हिशेब

१

अल्प खर्चात आणि मोजक्या माणसांच्या साहाय्याने निर्माण झालेल्या लघुपटांविषयी दोन परस्परविरोधी मते वारंवार ऐकावयास मिळतात. पहिले मत असे, की असा लघुपट म्हणजे मोठ्या चित्रपटाची पूर्वतयारी होय. साधने नसल्यामुळे तो लहान राहिला, साधने मिळताच दिग्दर्शक खऱ्या कामाकडे वळेल. दुसरे मत याच्या नेमके उलट आहे. धनाचा अभाव हाच कलेच्या शुद्धतेचा पुरावा होय, जितका खर्च कमी तितकी निष्ठा अधिक, असे ते मानते. पहिल्या मतात लघुपटाविषयी अनास्था आहे. दुसऱ्यात भाबडी भक्ती आहे. दोहोंत एक दोष मात्र समान आहे. व्यय ही कलाकृतीच्या बाहेरची गोष्ट आहे असे गृहीत धरून, पैशाच्या बेरजेवरून कृतीचे मोल ठरविण्याचा प्रयत्न दोन्ही मते करतात.

वस्तुतः विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. एखाद्या लघुपटात जे नाही ते केवळ परवडले नाही म्हणून नाही, की त्याच्या नसण्यातूनच कृतीची रचना सिद्ध झाली आहे? पहिल्या प्रकारास उणीव म्हणावे लागेल, दुसऱ्यास काटकसर. उणीव प्रेक्षकाच्या नजरेस खुपते. काटकसर अर्थ निर्माण करते. हा भेद काही प्रत्यक्ष कृतींच्या आधारे तपासून पाहणे आणि अखेरीस ज्या खर्चाची नोंद कोणत्याच हिशेबवहीत होत नाही त्याकडे लक्ष वेधणे, हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू होय.

२

या विषयाचा आरंभ महाराष्ट्रातच सापडतो. धुंडिराज गोविंद फाळके हे १९१२ साली विम्याच्या कागदांवर कर्ज काढून लंडनला गेले आणि विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा व फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र खरेदी करून परतले. पौराणिक कथेवर पूर्ण लांबीचा चित्रपट काढण्यास भांडवलदार तयार होईना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, कुंडीपुढे कॅमेरा रोखला आणि सुमारे महिनाभर चित्रण करून ‘अंकुराची वाढ’ हा एका मिनिटाहून थोडा अधिक लांबीचा लघुपट सिद्ध केला. तो पाहून कर्ज देणारा पुढे आला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला.

ही हकीकत बहुधा जिद्दीची कथा म्हणून सांगितली जाते. तीत जिद्द आहेच. परंतु समीक्षेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट आहे ती विषयाच्या निवडीची. नट नाही, पोशाख नाही, देखावा नाही, आणि काळ मात्र हवा तितका आहे, अशा स्थितीत असलेल्या माणसाने असा विषय निवडला, की ज्यात काळ हाच नायक आहे. रोपाचे वाढणे डोळ्यांना दिसत नाही. कॅमेऱ्यास ते दाखविता येते. नाटकाला जे करता येत नाही आणि एका छायाचित्राला जे साधत नाही, तेच या मिनिटभराच्या चित्रात होते. भांडवलदारास फाळके यांनी केवळ आपले कौशल्य दाखविले असे नव्हे; चलच्चित्राचा धर्मच त्याच्यापुढे मांडला. मोठ्या चित्रपटाचा एखादा तुटका प्रवेश चित्रित करून दाखविला असता, तर त्यातील उणिवाच आधी डोळ्यांत भरल्या असत्या.

येथे एका रूढ समजुतीची छाननी करणे अगत्याचे आहे. फाळके यांनी रोज एक चौकट टिपली, असे पुष्कळदा लिहिले जाते. गणित मात्र या समजुतीस साथ देत नाही. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी असतात आणि मूकपटांच्या त्या काळात सेकंदाला सुमारे १६ चौकटी हा वेग धरला, तर एका मिनिटासाठी ९६० चौकटी, म्हणजे ६० फूट फिल्म लागते. रोज एकच चौकट टिपली असती तर तीस दिवसांत तीस चौकटी जमल्या असत्या, आणि पडद्यावर त्या दोन सेकंदही टिकल्या नसत्या. मिनिटभराचे चित्र महिन्यात पुरे व्हावयाचे तर दिवसास सरासरी ३२ चौकटी हव्यात. त्या एकदमच टिपल्या असतील तर रोप पडद्यावर दर दोन सेकंदांनी उडी मारल्यासारखे वाढेल. दिवसाच्या बारा तासांत सारख्या अंतराने टिपल्या असतील तर दर बावीस-तेवीस मिनिटांनी कोणीतरी कॅमेऱ्यापाशी असणे भाग आहे. यांपैकी कोणतीही रीत धरली तरी एक गोष्ट निश्चित होते. राहत्या घरात महिनाभर कॅमेरा जागचा हलू द्यावयाचा नाही, कुंडी वळू द्यावयाची नाही, मुलांचा धक्का लागू द्यावयाचा नाही, ही राखण एका माणसाची असू शकत नाही. ती साऱ्या घराची असते. एकट्या माणसाचा चित्रपट म्हणून ज्याचा गौरव होतो, त्याच्या मुळाशी असलेला हा अदृश्य परिवार ध्यानात ठेवावयास हवा. विवेचनाच्या अखेरीस त्याकडे पुन्हा वळावे लागणार आहे.

३

अल्पव्ययास रचनातत्त्वाची प्रतिष्ठा देणारी दुसरी कृती म्हणजे १९४३ साली हॉलिवूडमध्येच, परंतु तेथील चित्रपटधंद्याच्या पूर्णपणे बाहेर राहून निर्माण झालेला ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’. माया डेरेन आणि त्यांचे पती अलेक्झांडर हॅमिड या दोघांनी आपल्या राहत्या घरात, सोळा मिलिमीटरच्या बोलेक्स कॅमेऱ्यावर हा सुमारे चौदा मिनिटांचा मूकपट घडविला. त्याचा खर्च सुमारे २७५ डॉलर झाल्याचे सांगितले जाते. पात्रे तीच दोघे, स्थळ त्यांचेच घर व घरापुढचा रस्ता. वस्तू म्हणाल तर किल्ली, सुरी, फूल, दूरध्वनी, आरसा. टेजी इटो यांचे संगीत त्यास जोडले गेले ते पुढे १९५९ साली.

या साधनसामग्रीच्या मर्यादा कोणत्या होत्या हे नेमके समजून घेतल्यावाचून कृतीचे मर्म कळणार नाही. अशा कॅमेऱ्यात शंभर फूट फिल्मचे रीळ बसते. सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने ते पावणेतीन मिनिटांत संपते. कॅमेरा किल्लीच्या स्प्रिंगवर चालतो आणि एकदा किल्ली भरली म्हणजे जेमतेम अर्धा मिनिट फिरतो. प्रदीर्घ अखंड दृश्य घेणे अशा यंत्रास शक्यच नाही. याचा अर्थ असा, की त्याच्याकडून लहान लहान तुकड्यांचीच अपेक्षा करता येते, आणि तुकड्यांतून काही उभे करावयाचे तर ते संकलनातच उभे राहू शकते.

डेरेन यांनी ही अडचण लपविली नाही. तिच्यावरच चित्रपट उभारला. एक स्त्री घरी येते, खुर्चीत झोपी जाते, आणि तिचे घरी येणे पुन्हा पुन्हा घडते. प्रत्येक आवर्तनात त्याच पायऱ्या, तोच दरवाजा, तीच किल्ली. परंतु कॅमेऱ्याचा कोन बदलतो, गती बदलते, आणि ओळखीचे घर परके होत जाते. नवी स्थळे घेण्याची ऐपत नसणे, ही व्यवहारातील गोष्ट. एकच स्थळ स्वप्नाप्रमाणे परत परत येणे, ही कलेतील गोष्ट. येथे पहिलीचे दुसरीत रूपांतर झाले आहे. त्यातही एक प्रसंग विशेष अभ्यसनीय आहे. सुरी हाती घेतलेली स्त्री झोपलेल्या स्त्रीकडे चालत जाते. तिचे एक पाऊल वाळूवर पडते, पुढचे मातीगवतावर, त्यापुढचे फरसबंदीवर आणि अखेरचे खोलीतील गालिच्यावर. चार-पाच पावले आणि तितकेच तुकडे, एवढ्या सामग्रीतून एका खोलीतील अंतर अफाट होते. कोणत्याही भव्य नेपथ्याने हे अंतर दाखविता आले नसते, कारण नेपथ्य जागा दाखविते. येथे दाखवावयाचे होते ते मन.

हाच प्रयोग १९४५ सालच्या ‘अ स्टडी इन कोरिओग्राफी फॉर कॅमेरा’ या अवघ्या काही मिनिटांच्या चित्रात अधिक शुद्ध रूपात दिसतो. टॅली बीटी हा नर्तक वनात पाय उचलतो आणि तो पाय खोलीत येऊन टेकतो. नंतर तो संग्रहालयाच्या दालनात गिरक्या घेतो. अखेरीस त्याची एक झेप अनेक तुकड्यांच्या जोडणीतून इतकी लांबते, की मानवी देहास ती शक्य नाही. एक नर्तक, एक कॅमेरा, कॅमेऱ्यामागे एक दिग्दर्शिका. मनुष्यबळाचा इतका संकोच असूनही कृतीत दारिद्र्य जाणवत नाही, कारण प्रेक्षकास जे हवेसे वाटावे ते सारे पडद्यावर आहे. १९५९ साली लिहिलेल्या एका लेखात डेरेन यांनी हौशी आणि धंदेवाईक चित्रपटकाराची तुलना करताना असे प्रतिपादिले, की हौशी माणसापाशी शब्द, कथानक आणि विक्री यांच्या सक्तीपासूनचे स्वातंत्र्य असते व स्वतःचे चपळ शरीर व कल्पक मन हीच त्याची मुख्य साधने होत. हे प्रतिपादन त्यांच्या कृतींनी आधीच सिद्ध केलेले होते, म्हणूनच त्यास वजन आहे.

४

काटकसरीचे आणखी पुढचे टोक क्रिस मार्कर यांच्या १९६२ सालच्या ‘ला जते’ या अठ्ठावीस मिनिटांच्या फ्रेंच कृतीत आढळते. जगाचा युद्धात संहार झाला आहे. उरलेली माणसे पॅरिसच्या भूगर्भात राहतात. एका कैद्यास भूतकाळात पाठविले जाते, कारण बालपणी ओर्ली विमानतळावर पाहिलेल्या एका स्त्रीच्या मुखाची स्मृती त्याच्या मनात खोल रुतली आहे. विषय असा, की त्यासाठी एखाद्या मोठ्या निर्मितिसंस्थेने प्रचंड देखावे उभारले असते. १९९५ साली याच कल्पनेवर आधारलेला ‘ट्वेल्व्ह मंकीज’ हा हॉलिवूडपट खरोखरच तसा निघाला. मार्कर यांनी जवळजवळ सारी कथा स्थिर छायाचित्रांतून सांगितली. एक साधा छायाचित्रणाचा कॅमेरा, एक निवेदकाचा आवाज, संगीत व काही कुजबुज. कृतीच्या आरंभीच तिला छायाचित्र-कादंबरी असे नाव दिलेले आहे.

चलच्चित्रातून चलन काढून टाकणे, यापेक्षा मोठा त्याग कोणता? परंतु त्याग म्हणून तो येथे जाणवत नाही, कारण कथाच स्मृतीविषयी आहे, आणि स्मृती थिजलेल्या प्रतिमांतच वास करते. संबंध चित्रात एकदाच प्रतिमा हलते. निजलेली स्त्री डोळे उघडते व पाहते. काही क्षणांचा तो हालता तुकडा प्रेक्षकाच्या अंगावर येतो, कारण तोवर गतीची भूक त्याच्या मनात साचलेली असते. गती हरघडी उधळली असती तर ती पापणी कोणाच्या ध्यानातही राहिली नसती. काटकसर म्हणजे कमी खर्च करणे नव्हे. योग्य क्षणी खर्च करता यावा म्हणून राखून ठेवणे होय, हे यावरून स्पष्ट व्हावे.

सत्यजित राय यांचा ‘टू’ हा १९६४ सालचा लघुपट वाणीच्या बाबतीत असाच त्याग करतो. एका अमेरिकन कार्यक्रमासाठी तो मागविला गेला होता आणि तो इंग्रजी भाषेत असावा अशी अपेक्षा होती. राय यांनी संवादच वर्ज्य केले. मोठ्या घरात एकटा असलेला श्रीमंत मुलगा आणि खिडकीखालच्या मोकळ्या जागेतला गरीब मुलगा, एवढीच पात्रे. एकजण बासरी वाजवितो, दुसरा आपले बाजारी खेळणे वाजवून तिचा स्वर बुडवितो. एकाचा पतंग वर चढतो, दुसरा बंदुकीने तो पाडतो. वरची खिडकी आणि खालचे अंगण, या दोन स्थळांतील उंचीचा फरक हाच सामाजिक अंतराचा आराखडा झाला आहे. संवाद लिहिले असते तर मुलांस परक्या भाषेत बोलावे लागले असते, आणि मग दोन मुलांतील भांडण भाषांतरासारखे वाटले असते. अडचण टाळण्यासाठी केलेली योजनाच कृतीचा आशय ठरली.

५

वरील कृती एकमेकींपासून काळाने, देशाने आणि वृत्तीने दूर आहेत; तरीही त्यांच्या घडणीत एक समान सूत्र आढळते. प्रत्येक चित्रपटकाराने प्रथम आपल्यापाशी काय नाही याची यादी केली आणि त्यांतील एका अभावास कृतीचा नियम बनविले. फाळके यांना नट नव्हते. त्यांनी रोप निवडले. डेरेन यांना स्थळे नव्हती. त्यांनी पुनरावृत्ती निवडली. मार्कर यांनी गती सोडली, राय यांनी वाणी. ज्याने असा एक नियम आधीच निश्चित केला, त्याची पुढील योजना बरीचशी आपोआप ठरते. किती स्थळे, किती पात्रे, किती दिवस, कोणत्या वेळचा प्रकाश, कोणते आवाज चित्रणाच्या वेळी घ्यावयाचे आणि कोणते मागाहून जोडावयाचे, हे सारे निर्णय त्या नियमाच्या कसोटीवर घेता येतात. ज्याने तसा नियम ठरविला नाही, तो मात्र मोठ्या चित्रपटाचेच चिल्लर रूप तयार करतो. थोडे नेपथ्य, थोडी गर्दी, थोडे संगीत, सगळेच थोडे थोडे. आणि पडद्यावर उरते ती केवळ उणीव.

आजच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या सूत्राचे महत्त्व वाढले आहे, कमी झालेले नाही. फिल्म वापरात होती तोवर संयम बाहेरून लादलेला होता. रिळाचे फूट संपत, स्प्रिंग थांबे, धुलाईचे पैसे मोजावे लागत. म्हणून कॅमेरा सुरू करण्यापूर्वी प्रत्येक दृश्याचा विचार करावाच लागे. अंकीय कॅमेरा आणि भ्रमणध्वनी यांनी ही सक्ती नाहीशी केली. एकच दृश्य वीस वेळा टिपण्यास आता अधिक पैसे पडत नाहीत. परंतु खर्च नाहीसा झाला हा मात्र भ्रम आहे. तो चित्रणाच्या जागेवरून संकलनाच्या मेजावर सरकला आहे. विचार न करता टिपलेले दहा तासांचे दृश्यद्रव्य दहा मिनिटांत बसविण्यास जो काळ जातो, तोही व्ययच होय. म्हणून पूर्वी जी मर्यादा यंत्र घालीत असे, ती आता योजनेने घालावयास हवी. दृश्यांची यादी, स्थळाची पूर्वपाहणी, उन्हाच्या वेळेची नोंद, स्थळावरील आवाजाची परीक्षा, ही कारकुनी कामे नव्हेत. लेखकास जसा खर्डा, तशी ती चित्रपटकारास होत.

त्यांतही ध्वनीची उपेक्षा सर्वांत महाग पडते. प्रकाश अपुरा असेल तर प्रेक्षक त्यास वातावरण समजून सोडून देतो. संवाद ऐकू आला नाही तर मात्र तो कृतीबाहेर फेकला जातो. वर उल्लेखिलेल्या कृतींपैकी एकीतही चित्रणस्थळी टिपलेल्या संवादावर कथेचा भार टाकलेला नाही, हा योगायोग नव्हे. संवादच हवा असेल, तर तीन-चार माणसांच्या चमूतील एक माणूस केवळ ध्वनीसाठी राखून ठेवणे हे कॅमेऱ्याच्या अधिक महाग भिंगापेक्षा श्रेयस्कर होय.

६

आता ज्या खर्चाची नोंद होत नाही त्याकडे वळावयाचे. २७५ डॉलरचा चित्रपट असे म्हणताना त्यात राहत्या घराचे भाडे धरलेले नसते, दोघांच्या श्रमांचे मोल धरलेले नसते, आणि हॅमिड यांनी युरोपात व अमेरिकेत छायाचित्रणाचा जो अनुभव मिळविला होता त्याची किंमतही धरलेली नसते. हॅमिड यांचा वाटा किती आणि डेरेन यांचा किती, याविषयी पुढे अभ्यासकांत वाद माजला, तो याच कारणाने. कामांची वाटणी जेथे स्पष्ट नसते तेथे श्रेयाची वाटणीही स्पष्ट राहत नाही. संस्थांत शिकणाऱ्यांनी घडविलेल्या लघुपटांविषयीही हेच म्हणावे लागेल. संस्थेचा कॅमेरा, संस्थेचा संकलनकक्ष आणि शिक्षकांचा वेळ यांची बेरीज केली, तर अल्प ठरलेला खर्च बराच फुगेल. ही निंदा नव्हे. खर्चाच्या आकड्याचा अभिमान बाळगण्यापूर्वी तो आकडा कोणता आहे हे पाहावे, एवढेच तात्पर्य.

फाळके यांच्या घरी हा न नोंदलेला खर्च सर्वांत ठळकपणे दिसतो. ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी सरस्वतीबाई फाळके यांनी अंधारात फिल्मला छिद्रे पाडली, रसायने कालविली, आणि चित्रणाच्या वेळी जमणाऱ्या माणसांचा स्वयंपाक केला, त्यांचे दागिनेही या उद्योगात गेले. नट, कामगार आणि सावकार यांचे पैसे हिशेबात येतात; गृहिणीचा दिवस येत नाही. भारतीय चित्रपट स्वस्तात जन्मला असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा तो कोणाला स्वस्त पडला आणि कोणाला महाग, हा प्रश्न मागे उरतोच.

अल्पव्ययी लघुपटाची समीक्षा करताना म्हणूनच दोन हिशेब एकत्र वाचावयास हवेत. पहिला रचनेचा. जे नाही त्याच्या नसण्याने अर्थ घडला की केवळ पोकळी उरली? या कसोटीवर फाळके, डेरेन, मार्कर आणि राय यांच्या कृती निःसंशय उतरतात. दुसरा श्रमांचा. जे पैशाने विकत घेतले नाही ते कोणी दिले, आणि देणाऱ्याचे नाव श्रेयनामावलीत आले का? पहिला हिशेब चोख असूनही दुसरा अपुरा राहू शकतो. मैत्रीच्या किंवा शिष्यत्वाच्या नात्याने चार माणसांना फुकट राबवून घेतलेला लघुपट सुंदर असू शकेल, परंतु त्यास अल्पव्ययी म्हणणे हे हिशेबातील खोटेपण ठरेल. तो अल्पव्ययी नसतो; त्याचा व्यय दुसऱ्यांनी केलेला असतो.

चार माणसांचा चमू जेव्हा सकाळी कॅमेरा घेऊन बाहेर पडतो, तेव्हा त्याच्यापाशी फारसे काही नसते. त्या नसण्याचा नियम आधी ठरलेला असेल आणि चौघांची नावे व कामे कागदावर उतरलेली असतील, तर त्या चमूस आणखी पुष्कळ काही लागत नाही. नियम ठरला नसेल तर कृती फसते. नावे उतरली नसतील तर माणसे फसतात. यांपैकी पहिली चूक पडद्यावर दिसते, दुसरी दिसत नाही. म्हणूनच समीक्षेने तिची नोंद ठेवणे आवश्यक आहे.